जिझेलच्या नावाचा कागद

देओलिंडा ब्रागाला कर भरावा लागत नव्हता. तिची पेन्शन त्या मापात बसतच नव्हती. तरी दर महिन्याला ती पेन्शनमधून कर कापून घ्यायला लावायची. वर्षभर सरकारकडे पैसे पडून राहायचे. फेब्रुवारीत कराचे कागद भरले की सगळेच्या सगळे परत मिळायचे, व्याजाविना.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या त्या चढावरच्या रस्त्यावर हे ज्याला ज्याला कळलं तो हसला. ती समजावत बसली नाही. समजावण्यातही श्रम पडतात आणि तिचे गुडघे, बोटं, पाठ सगळेच आता आपापले श्रम मोजून देत होते.

कारण साधं होतं. परत मिळणारे पैसे रोख नको, बचतीचे बाँड द्या, असं त्या कागदांत लिहिता यायचं. तसं लिहिलं तरच सरकार खरा, छापलेला, हातात धरता येणारा बाँड पोस्टाने पाठवायचं. बँकेच्या खिडकीवर कागदी बाँड मिळणं केव्हाच बंद झालं होतं. कागद मिळवायचा हा एकच रस्ता उरला होता आणि तो लांबून जात होता. देओलिंडा लांबून गेली. दर ईस्टरला तिच्या फोलारखाली, म्हणजे वर अख्खं अंडं खोचलेल्या गोड पावाखाली, एक लिफाफा असायचा. लिफाफ्यात बाँड. बाँडवर तिच्या धर्मकन्येचं पूर्ण नाव.

नावाचंच तर सगळं होतं.

ती पोर्तुगालच्या फायाल बेटावरून आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. ज्वालामुखीच्या राखेखाली त्यांचं घर गेलं, शेत गेलं, विहीर गेली. इथे आल्यावर वर्षभरात ती रेनकोटच्या कारखान्यात बाह्या लावायला बसली. बाही लावणं सोपं नसतं. गोल भोकात गोल कापड बसवायचं, ते भोकापेक्षा थोडं मोठंच असतं, आणि चुणी दिसली तर नग परत. पैसे नगावर. शुक्रवारी पगाराचं पाकीट मिळे. ते न उघडता बापाच्या हातात द्यायचं, ही सगळ्याच घरांची रीत होती. बाप ते फाडायचा, मोजायचा, तिला बसच्या भाड्यापुरती नाणी द्यायचा. तो वाईट नव्हता. खाणारी तोंडं बरीच होती.

कारखान्यातली मुकादमीण एकदा कार्डं घेऊन मशीनमागून मशीन फिरली. बाँड घ्यायचा असेल तर सही करा, पगारातून थोडं थोडं कापू, भरेल तेव्हा बाँड देऊ. देओलिंडाने सही केली. कापलेलं पाकिटात येतच नव्हतं, म्हणून बापाला दिसलं नाही. हिवाळ्याच्या तोंडावर मुकादमिणीने तिच्या मशीनवर एक जाड कागद ठेवला. त्यावर तिचं नाव छापलेलं होतं. इथे आल्यापासून तिचं नाव छापलेली ती पहिलीच वस्तू. तिने तो आपल्या कोटाच्या बाहीच्या अस्तरात टाके घालून शिवून टाकला आणि पुढे बरीच वर्षं तो तिच्याबरोबर घरातून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी जात राहिला. शेवटी मोडला तेव्हा लाल कोट घेतला. बापाने विचारलं, "हा कुठून?" ती म्हणाली, "माझ्या नावाचा आहे."

तिला स्वतःला मूल झालं नाही. पण कारखान्यात जिला मूल होई ती देओलिंडाला मद्रीन्या व्हायला सांगे. धर्माची आई. बाप्तिस्म्याला पाण्याशी बाळ धरायचं आणि पुढे आयुष्यभर त्याचं थोडंसं देणं लागायचं. प्रत्येक बाळाला तिने बाँड दिला. ती बाळं मोठी झाली, फ्लोरिडात गेली, त्यांना टक्कल पडलं, नाताळला एखादं कार्ड येई. शेवटची जिझेल. वरच्या मजल्यावरच्या लुसेलियाची मुलगी, नऊ वर्षांची.

त्या वर्षी फेब्रुवारीत देओलिंडा नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात गेली. तिथे ओरासिओ लोकांचे कराचे कागद फुकट भरून द्यायचा. तोही त्याच रेनकोटच्या कारखान्यातला. चाळीस वर्षं कापड कापायचा, आता नाकावर चष्मा आणि पुढ्यात कॉम्प्युटर.

"आली," तो म्हणाला. "सरकारला उसने पैसे देणारी बाई आली. बस. वॉशिंग्टनचा फोन होता, तुझे आभार मानायला."

"बाँडचं पान काढ."

"तेच सांगतो. पान नाही."

"हरवलंस?"

"मी नाही हरवलं. सरकारने काढून टाकलं. यंदापासून कागदी बाँड बंद. परताव्यातूनही नाही. पैसे सरळ तुझ्या खात्यात येतील."

देओलिंडाने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. वर्षभर कापून घेतलेले पैसे. वर्षभर दर महिन्याला थोडी कमी कॉफी, थोडं कमी मटण.

"मग बाँड कसा घ्यायचा?"

"घेता येतो. कॉम्प्युटरवर. मुलीच्या आईने आपलं खातं उघडायचं, त्याला मुलीचं जोडायचं. मग तू आपल्या खात्यातून तिच्याकडे पाठवायचा."

"म्हणजे मला खातं पाहिजे, आईला पाहिजे, मुलीला पाहिजे. तीन दारं, एका पावासाठी."

"दुसरंही एक आहे," ओरासिओ म्हणाला. "तू तुझ्या खात्यातून मुलीच्या नावाने भेट म्हणून घ्यायचा. तिचं नाव आणि तिचा सरकारी नंबर घालायचा. आणि तो तुझ्याकडेच ठेवायचा. मुलगी मोठी झाली, तिचं स्वतःचं खातं उघडलं, की सोडायचा. आईला काही उघडायला नको."

"दिलेली भेट मी माझ्याच घरात ठेवू? ही कसली भेट?"

"तुझ्या घरात नाही. सरकारच्या पेटीत. किल्ली तुझ्याकडे."

"ओरासिओ, हातात काय द्यायचं मी पोरीच्या?"

"पाव दे. पाव चांगला करतेस."

तिने सही केली आणि उठली. जिन्यात ती दोनदा थांबली. तिचं तिने ठरवलं. लुसेलियाला सांगून खातं उघडायला लावायचं. भेट दिली म्हणजे दिली, अर्धी देऊन अर्धी आपल्या मुठीत ठेवायची नाही. तिने आजवर कुठलंच काम अर्धं सोडलं नव्हतं.

लुसेलिया म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची. लोकांना उचलायचं, अंघोळ घालायची, पुन्हा झोपवायचं. एक पाळी संपली की बऱ्याचदा दुसरी घ्यायची. शाळा सुटल्यावर जिझेल खाली देओलिंडाकडे येऊन भाजीचं सूप प्यायची आणि गृहपाठ करायची. आई आली की जिन्यावरचे बूट ऐकून वर जायची.

त्या संध्याकाळी देओलिंडाने बूट ऐकले आणि स्वतः दारात गेली.

"लुसेलिया, जरा थांब. जिझेलच्या बाँडचं बोलायचंय."

लुसेलिया कठड्याला टेकली. तिच्या अंगाला आश्रमातल्या साबणाचा वास होता. कितीही थकली तरी ती देओलिंडाला मानाने 'दोना' म्हणायची. "आत्ता, दोना देओलिंडा? माझी पाठ तुटलीये."

"दोनच वाक्यं. कागद बंद झाला. तू कॉम्प्युटरवर खातं उघड, मी त्यात टाकते. ओरासिओ दाखवेल. म्हणजे आधीचे कागद आहेतच तिच्याकडे, त्यात हाही…"

लुसेलियाने खाली पाहिलं. देओलिंडाला ते पाहणं माहीत होतं. चुणी पडलेला नग मशीनखाली सरकवताना मुली असंच पाहायच्या.

"कागद नाहीत," लुसेलिया म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"मोडले. दोन वर्षं झाली. गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. गाडी नाही तर कामावर नाही, कामावर नाही तर…" तिने हाताने घराकडे, जिन्याकडे, सगळ्याकडे दाखवलं. "त्या वर्षीचा तेवढा राहिला, कारण वर्ष व्हायच्या आत मोडता येत नाही. त्यानंतरचेही आहेत. अजून."

"पण त्यावर नाव तिचं होतं."

"बँकेतल्या बाईने विचारलं, मुलगी सही करू शकते का? मी म्हटलं, सात वर्षांची आहे. तर म्हणाली, मग आईची सही चालेल."

देओलिंडा दाराची चौकट धरून उभी राहिली. आजवर तिला वाटत होतं, नाव छापलं की झालं. नाव छापलं म्हणजे त्याला टाके पडले, आता कुणाला उसवता येणार नाही. जिझेलला बाळपणापासून दिलेले जवळजवळ सगळे कागद, एका सहीने.

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा दिला असता?"

"मी तुला गाडीला वेगळे दिले असते."

"आणि मग मी रोज हा जिना तुमच्यासमोरून चढले असते, मान खाली घालून. नको. माझ्या पोरीचं होतं, पोरीसाठीच गेलं. त्याच गाडीतून शाळेत जाते ती."

"घराला लागतं म्हणून घेतलं. माझा बापही हेच म्हणायचा."

हे बोलायला नको होतं. लुसेलिया कठड्यापासून सरळ झाली. "मी रात्रंदिवस लोकांचे बाप उचलते, दोना देओलिंडा. मला तुमचा बाप करू नका," ती म्हणाली आणि वर गेली. जिझेल आपली वही काखेत धरून तिच्या मागोमाग.

दुसऱ्या दिवशी जिझेल सूप प्यायला आली नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. कुणीतरी वर दुसरी सोय केली असावी. देओलिंडा सवयीने मोठं भांडं चढवायची आणि तेच सूप तीन-तीन दिवस खायची. कोबी शिळा झाला की वास धरतो, तरी खायची. टाकणं तिला जमत नव्हतं.

मग ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. त्या दिवशी धर्मकन्येने मद्रीन्याकडे फुलं न्यायची आणि आठवड्याने मद्रीन्याने तिला फोलार द्यायचा. एकाशिवाय दुसरं होत नाही. जिझेल तीन वर्षांची असल्यापासून व्हायोलेटची जुडी घेऊन यायची, देठ नेहमी घट्ट धरल्यामुळे मोडलेले. देओलिंडाने चर्चहून आल्यावर काचेच्या पेल्यात पाणी भरून टेबलावर ठेवलं. वरच्या मजल्यावर पावलं वाजत होती. जिन्यावर वाजली नाहीत. संध्याकाळी तिने पाणी सिंकमध्ये ओतलं.

आता तिला बाँडपेक्षा हेच डाचत होतं. पोरगी गेली तर कागद कुणाच्या नावाने घ्यायचा?

ती खुर्चीत बसून राहिली आणि भांडणातली वाक्यं परत परत आठवत राहिली. बापाचं नाव काढलं ते चुकलं, हे तिला कळत होतं. पण एवढंच नव्हतं. कारखान्यात बाँडच्या कार्डावर सही केली ती बापापासून वाचायला, असं ती आयुष्यभर स्वतःला सांगत आली होती. खरं तर आणखी एक होतं. शुक्रवारी पाकीट हातात आलं असतं तर तिने स्वतःच त्यातलं खर्चलं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मोजे होते, रिबिनी होत्या. पैसे हातात येण्याआधी कापले म्हणून राहिले. ओरासिओने सांगितलेली ती सरकारी पेटी काही वेगळी नव्हती. ती अर्धी भेट नव्हती. कापून ठेवणंच होतं ते.

बुधवारी ती जिना चढून वर गेली. ती वर कधी जात नसे. लोक तिच्याकडे यायचे. वळणावर थांबून श्वास घेतला, पुन्हा चढली.

लुसेलियाने दार उघडलं. पायांत मोजे, हातात गरम पाण्याची पिशवी.

"मी माफी मागायला आले नाही," देओलिंडा म्हणाली. "म्हणजे आले आहे. बापाबद्दल बोलले त्याची."

"आत या. पडाल."

"उभीच बरी. बसले तर उठता येणार नाही. ऐक. तुला कुठलंही खातं उघडायचं नाही. बाँड मी घेईन, जिझेलच्या नावाने, आणि माझ्याकडे राहू देईन. ती मोठी होईपर्यंत. तुझी सही त्यावर चालणार नाही, माझीही नाही. मला फक्त तिचा सरकारी नंबर पाहिजे."

लुसेलियाने पिशवी पाठीला धरली. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"नाही."

"तोंडावर सांगता."

"माझा माझ्यावरही नव्हता. म्हणून तर पगार हातात यायच्या आधी कापायला लावायचे. ज्याला मोडता येतं तो मोडतो, लुसेलिया. गिअरबॉक्स गेला असता तर मीही मोडला असता."

"तुम्हाला गाडीच येत नाही."

"म्हणून माझे राहिले."

लुसेलियाच्या तोंडाचा कोपरा हलला, पण हसण्याइतकी ताकद त्यात नव्हती. "नंबर असा कुणाला देत नाही मी. आश्रमात सगळ्यांना बजावून सांगतात, नंबर द्यायचा नाही."

"बरोबर सांगतात."

"विचार करते."

"कर. शनिवारी मी पीठ मळणार आहे. फुलं आणली काय, नाही आणली काय, फोलार होणार." तिने कठडा धरला. उतरणं चढण्यापेक्षा वाईट होतं. गुडघा प्रत्येक पायरीला वेगळी तक्रार करत होता.

शनिवारी ती लवकर उठली. पीठ, अंडी, लोणी, लिंबाची साल, थोडी दालचिनी. मळायला पूर्वीसारखा जोर नव्हता. मनगटाने दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. मशीनवर मळून देणारे लोक होते. त्यांचा पाव वरून बरा दिसतो, आत ओलसर राहतो. पीठ बोटाने दाबलं की परत वर आलं पाहिजे. आलं नाही. तिने आणखी मळलं. मग कापड झाकून ठेवलं आणि खुर्चीत बसली. हात मांडीवर तसेच पिठाने भरलेले.

दारावर टकटक झाली. कमरेच्या उंचीवर.

जिझेल दोन्ही हातांची ओंजळ करून उभी होती. आत एक अंडं.

"आशीर्वाद द्या, मद्रीन्या."

"देव तुझं भलं करो. फुलं कुठायत?"

"गेल्या रविवारी मम्मीने येऊ दिलं नाही. मग फुलं सुकली. मम्मी म्हणाली, अंडं दे. म्हणाली, फोलारमध्ये आपलं अंडं लाव. आणि म्हणाली, नीट बघून लाव."

देओलिंडाने अंडं घेतलं. खिडकीपाशी नेलं. कवचावर पेन्सिलीने आकडे काढलेले होते, गोलाई सांभाळत, एकामागून एक, नऊ. लुसेलियाचं अक्षर. आश्रमात औषधांच्या बाटल्यांवर लिहायचं म्हणून ठसठशीत आणि सावकाश काढलेलं. कागदावर दिला असता तर हा कागद कुठे ना कुठे राहिला असता. अंडं उद्या सोलून खाल्लं जाणार होतं.

"हे काय आहे?" जिझेलने विचारलं.

"तू आहेस. तुझा नंबर. वाच मोठ्याने, मला पेन्सिल दिसत नाही."

जिझेलने वाचला. देओलिंडाने तो आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या आतल्या बाजूला लिहिला, जिथे तिने मेलेल्या माणसांची नावं लिहिली होती. ते पुस्तक दुसरं कुणी उघडत नसे. मग जिझेलला पुन्हा वाचायला लावला आणि एकेक आकडा बोटाने तपासला. एक चुकलं तर सगळं चुकलं.

"यंदा पावाखाली काय आहे?"

"ताटली."

"कागद नाही?"

"कागद बंद झाला. पण तुझा आहे. फक्त तो माझ्याकडे राहील."

"किती दिवस?"

"तू मोठी होऊन स्वतःच्या सहीने मागेपर्यंत."

जिझेलने हिशेब केला, तो तिच्या कपाळावर दिसला. "तोपर्यंत तुम्ही मेलेल्या असाल."

"असेन."

"मग?"

"मग काय. तरी तुझ्याच नावाचा. माझी किल्ली ओरासिओकडे देऊन ठेवीन. तोही मेला तर सरकार आहेच. ते मरत नाही."

हे जिझेलला पटलं. ती खुर्चीवर गुडघे घेऊन बसली आणि पिठाकडे पाहू लागली. तेवढ्यात वरून हाक आली, "जिझेल, दिलंस का?" जिझेलने तोंड वर करून ओरडून सांगितलं, "दिलं!" वर एक दार लागलं. आपटलं नाही, लागलं.

देओलिंडाने पीठ पुन्हा एकदा दाबून घेतलं, गोल केलं, मधोमध अंगठ्याने खळगा केला. अंडं त्यात बसवलं, आकड्यांची बाजू खाली, पिठात. वर पट्ट्यांचा क्रॉस. ईस्टरला चार माणसं येतील, उगाच कुणाची नजर नको.

"भट्टीचं दार उघड," ती म्हणाली. "मागे उभी राहा."

ट्रे उचलताना कोपर दुखलं. आत सरकवला. दार लावलं. मंगळवारी ओरासिओला गाठायचं होतं, त्या कॉम्प्युटरपुढे बसायचं होतं, परवलीचा शब्द ठरवायचा होता, तो लक्षात ठेवायचा होता. शिवाय पेन्शनवाल्यांना कळवायचं होतं की आता कर कापू नका. मग दर महिन्याला ते पैसे स्वतःच बाजूला काढायचे. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी नवं मशीन शिकायचं, हे तिला मनापासून नको होतं.

"मद्रीन्या, सूप आहे?"

"कालचं आहे."

"चालेल."

देओलिंडा भिंतीला हात लावून उठली आणि भांडं चढवायला गेली.